मुंबईच्या पाण्यावरचं झाकण

मुंबईत इमारत उभी करायची तर महापालिकेकडून आधी आयओडी, म्हणजे बांधकामाची सशर्त प्राथमिक संमती, घ्यावी लागते. तिच्यासोबत अटींची लांबलचक यादी येते. ती बिल्डर वाचत नाही, आर्किटेक्ट नुसती चाळतो आणि फ्लॅट घेणाऱ्याच्या तर ती नजरेलाही पडत नाही. त्या यादीत पाण्याच्या टाकीबद्दल एक अट आहे. टाकीच्या तोंडावर बिजागरीचं, एकसंध, ओतीव लोखंडाचं झाकण हवं आणि त्यातून डास आत जाता कामा नये. झाकणाला कुलपाचं काम करील असा बोल्ट हवा. टाकी भरून वाहू लागली की ज्यातून पाणी बाहेर पडतं, त्या पाइपाच्या तोंडाला बागेतल्या झारीला असते तशी घुमटाकार जाळी हवी, आणि तिचं एकेक छिद्र 1.5 मिलिमीटरपेक्षा मोठं नको. वर चढायला लोखंडी शिडी हवी. ती टाकीच्या माथ्यावर 40 सेंटिमीटर आलेली आणि खाली काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली हवी.

ही शिडी मुख्यतः पालिकेच्या कीटकनाशक खात्याच्या माणसासाठी आहे. त्यानं केव्हाही यावं, चढावं, झाकण उघडून आत डोकावावं, म्हणून ती कायमची लावून ठेवायची. कुठलंही सरकारी खातं छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये उगाच लिहीत नाही. या अटीमागे शंभर वर्षांहून जुनं एक भांडण आहे, आणि त्यात डासांइतकेच विहिरींचे मालक, देव, पीर, वकील आणि नगरसेवक गुंतलेले आहेत.

झाकणाच्या कल्पनेचा पहिला धागा बंगळूरला सापडतो. 1883 साली तिथे लष्करी डॉक्टर म्हणून आलेल्या तरुण रोनाल्ड रॉसला बंगल्यात डासांनी हैराण केलं. खिडकीखाली पाण्याचं एक पिंप होतं, त्यात अळ्या वळवळत होत्या. त्यानं पिंप उपडं केलं आणि खोलीतले डास जवळजवळ गेले. उत्साहानं तो वरच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, मेसमधलीही भांडी अशीच रिकामी करू या. अधिकाऱ्यानं साफ नकार दिला. डास निर्माण झालेत ते काहीतरी हेतूनं, तेव्हा ते सोसणं आपलं कर्तव्य, असा त्याचा युक्तिवाद होता. रॉसनं ही हकिगत पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली. पिंप उपडं केलं तेव्हा डास आणि हिवताप यांचा संबंध कुणाला ठाऊक नव्हता. तो दुवा रॉसनंच 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला पकडला. पंखांवर ठिपके असलेल्या डासाच्या पोटात त्याला हिवतापाचे परोपजीवी दिसले, आणि 1902 साली त्याला नोबेल मिळालं.

पण ‘डास’ म्हटलं की काम भागत नाही. कुठला डास, हे कळावं लागतं. त्याचं उत्तर मिळायला आपल्या विदर्भात यावं लागतं. विल्यम ग्लेन लिस्टन हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर तेव्हा एलिचपुरात, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या आजच्या अचलपुरात होता. वर्षभर तो तिथले अ‍ॅनोफेलिस डास न्याहाळत राहिला आणि 1901 साली त्यानं एका नव्या जातीचं वर्णन छापलं. हिवतापावर काम करणाऱ्या स्टीफन्स या संशोधकाच्या नावावरून त्यानं तिला नाव दिलं अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी. अचलपूरचं नाव आपण कीटकशास्त्राच्या गप्पांत ऐकत नाही. पण जगभरच्या डासांच्या सूचीत या डासाचं मूळ गाव म्हणून त्याचीच नोंद आहे. गावकऱ्यांना याचा अभिमान वाटावा की नाही, ते त्यांनीच ठरवावं.

हिवतापाचे डास म्हणजे भातखाचरं, ओढे, दलदल, असा तेव्हा समज होता. स्टीफेन्सीची आवड निराळी. त्याला सावलीतलं, स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. माणसानं पिण्यासाठी जपून ठेवलेलं पाणी म्हणजे त्याच्यासाठी तयार पाळणाघर. गटारात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. आजही सोसायटीच्या बैठकीत हिवतापाचा विषय निघाला की लोक गटाराकडे बोट दाखवतात. गटार साफ व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण हिवतापाचा गुन्हेगार बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यावर, गच्चीत असतो.

लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत आला. तीच आजची हाफकिन संस्था. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे सिद्ध करण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याच सुमाराला मुंबई बंदरात अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणला जात होता. बाहेरगावाहून आलेल्या मजुरांची तिथे दाटी होती. 1908 च्या आसपास बंदराच्या परिसरात हिवतापाची साथ उसळली आणि लिस्टनला तिथे आपला एलिचपूरचा जुना ओळखीचा भेटला. साथ डॉकपाशी थांबली नाही, शेजारच्या कोटात, म्हणजे फोर्टात पसरली. सरकारनं चार्ल्स बेंटली या डॉक्टरला खास चौकशीला नेमलं आणि 1911 साली त्याचा अहवाल आला.

बेंटलीचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईच्या कोट भागातला हिवताप घराघरातल्या विहिरींतून येतो. त्या बंद करा.

हे वाक्य वाचायला जेवढं सोपं, तेवढंच अमलात आणायला अवघड. विहार तलावाचं पाणी शहरात 1860 मध्ये आलं होतं, तुळशीचं 1879 मध्ये, तानसाचं 1892 मध्ये. मग घरात नळ असताना विहिरी कशाला? एक तर नळ भरवशाचा नव्हता. घोड्यांना, बागेला, धुण्याला विहीर बरी पडायची. आणि मुख्य म्हणजे पूजेला, सोवळ्याला, विधीला विहिरीचंच पाणी लागायचं. पारशांच्या धर्मात तर पाणी हीच देवता; आवां महिन्यात तिची आराधना होते. कित्येक हिंदू-जैन घरांत विधीच्या पाण्यावर सूर्यप्रकाश पडायलाच हवा, झाकलेलं पाणी चालत नाही, अशी समजूत होती. आणि विहीर असते कुणाकडे? ज्याच्याकडे अंगण आहे, वाडा आहे, त्याच्याकडे. म्हणजे पालिकेला या वेळी गाठ घालायची होती ती चाळकऱ्यांशी नव्हे. शेठांशी, शेठाण्यांशी आणि त्यांच्या वकिलांशी. प्लेगच्या वर्षांत अधिकारी गरिबाच्या घरात बेधडक घुसत होते. इथे पालिकेला दारावर थाप मारून थांबावं लागलं.

अर्जांचा पाऊस पडला. आमच्या विहिरीत पीर आहे, बाबा आहे, दर पौर्णिमेला दिवा लावतो. ती झाकली तर घरावर संकट येईल. अमक्यानं विहीर बुजवली आणि त्याच्या घरात मृत्यू झाला. अशा गोष्टी रस्तोरस्ती फिरू लागल्या. या साऱ्या प्रकरणाला एक अनपेक्षित फळ आलं. पालिकेच्या कारभारात असलेले रुस्तम मसानी हे अर्ज, या कथा आणि हे वाद जवळून पाहत होते. त्यातून त्यांनी 1918 साली विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, ‘फोकलोअर ऑफ वेल्स’. हेच मसानी पुढे मुंबईचे महापालिका आयुक्तही झाले. हिवतापाच्या मोहिमेतून लोकसाहित्याचा ग्रंथ निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. आजच्या एखाद्या आयुक्ताला विरोधकांच्या अर्जांत एवढा रस वाटेल का, हाही प्रश्न मनात येतोच.

तडजोड निघाली ती झाकणाची. ज्यांना विहीर बुजवायची नव्हती त्यांनी ती घट्ट झाकावी, पाणी पंपानं काढावं, आणि धर्मासाठी पाण्याला उजेड-वारा लागतच असेल तर झाकणात बारीक तारेच्या जाळीचं दार ठेवावं. मला हा तोडगा फार शहाणा वाटतो. पालिकेनं लोकांच्या श्रद्धेशी वाद घालत बसण्यापेक्षा तिच्यात डास शिरणार नाही एवढी जाळी बसवली. देवाला, पिराला आणि सूर्याला जाळीतून जायला अडचण नव्हती. अडचण फक्त स्टीफेन्सीला होती. 1725 साली खोदलेली चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर आजही शाबूत आहे, छताखाली, दिव्यांसह. बाकी विहिरी हळूहळू बुजल्या आणि शहर विसरून गेलं की त्या होत्या. तलावांचंही तेच झालं. गोवालिया टँक, दोन टाकी, धोबी तलाव ही नावं बसच्या पाटीवर उरली. पाणी आता तिथे औषधालाही नाही.

विहिरी गेल्या, पण साठवलेलं पाणी गेलं नाही. ते गच्चीवर चढलं. मुंबईत पाणी दिवसाचे काही तासच येतं, दाब कमी असतो, इमारती उंच होत गेल्या. मग खाली एक टाकी, वर एक टाकी, मध्ये पंप अशी रचना रूढ झाली. 1928 साली गॉर्डन कोव्हेलनं मुंबईच्या हिवतापाचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा विहिरींबरोबर टाक्याही आरोपीच्या पिंजऱ्यात होत्या. आयओडीतल्या अटीचा वंश हा असा आहे: विहिरीवरची तारेची जाळी टाकीच्या ओव्हरफ्लोवर आली आणि विहिरीचं झाकण टाकीच्या तोंडावर.

जिथे झाकण शक्य नव्हतं तिथे मासे सोडले गेले. गप्पी मासा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात आला, गंबुसिया 1928 साली. दोघेही परदेशी, दोघेही अळ्यांचे खवय्ये. गंबुसिया मात्र आपल्या देशी माशांच्या पिल्लांनाही सोडत नाही, म्हणून त्याच्याबद्दल जीवशास्त्रज्ञ नाक मुरडतात. गोव्यात 1980 च्या दशकात पणजीत बांधकामांच्या जोरावर हिवताप वाढला, तेव्हा तिथल्या संशोधकांनी परदेशी मासा न आणता किनारपट्टीच्या गोड्या पाण्यातला एक छोटा देशी मासा, अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी, स्टीफेन्सीविरुद्ध वापरून पाहिला. हे मला पसंत आहे. घरचं काम घरच्यानं करावं.

मग डीडीटी आलं आणि झाकण मागे पडलं. तेव्हाच्या मुंबई प्रांतात कारवार-धारवाड भागात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी 1946 पासून घरांच्या भिंतींवर डीडीटी मारून हिवताप झपाट्यानं उतरवून दाखवला. 1953 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या काळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो असा अंदाज होता. 1965 पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. हा पराक्रमच होता. पण ही फवारणी प्रामुख्यानं खेड्यांसाठी होती. शहरात डास भिंतीवर नव्हे, टाकीत गाठायचा असतो, आणि टाकीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. डास डीडीटीला पुरून उरू लागले, पैसा आणि लक्ष दोन्ही आटलं, आणि 1976 साली देशात सुमारे 65 लाख रुग्ण नोंदले गेले. शहरांसाठी वेगळी योजना 1971 मध्येच सुरू झाली होती. तिचा कणा पुन्हा तोच होता: पाण्यात अळी शोधा, पाणी झाका.

याच दशकात प्लास्टिकची काळी टाकी आली. गुजरातेतल्या कलोलच्या सिंटेक्सनं ती घराघरावर बसवली. हलकी, स्वस्त, न गंजणारी. ओतीव लोखंडाचं जड झाकण गेलं आणि आटे फिरवून लावायचं प्लास्टिकचं झाकण आलं. ते नवं असताना उत्तम बसतं. पण कुठल्याही जुन्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन बघा. प्लंबरनं कधीतरी घाईत वाकडं फिरवलेलं, आटे झिजलेलं, उन्हानं ठिसूळ झालेलं झाकण एका बाजूला बोटभर उचललेलं असतं. कुठे झाकणच वाऱ्यानं उडून गेलेलं असतं आणि तोंडावर नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा, त्यावर एक वीट. आतून मोटरची वायर आणि फ्लोटची दोरी बाहेर आलेली असते, तिच्यासाठी केलेलं भोक अंगठ्याएवढं. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी तर हजारात एखाद्या ठिकाणी.

झाकण हळूच उचलून टॉर्च मारली तर स्टीफेन्सीची अळी ओळखता येते. ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. क्युलेक्स आणि एडिस (डेंग्यूचा डास) यांच्या अळ्या श्वासनळी वर करून डोकं खाली, तिरक्या लोंबकळतात. आपली सावली पाण्यावर पडली की सगळ्या बुडी मारतात आणि टाकी निर्मळ दिसते. म्हणून पालिकेचा सराईत माणूस सूर्य पाठीशी घेत नाही. तो सावली मागे टाकून वाकतो, पांढरा पेला अलगद बुडवतो आणि थांबतो. पांढऱ्यावर काळी रेघ वळवळली की वहीत नोंद होते, आणि मग 1888 च्या महापालिका कायद्याखाली नोटीस येते. नोटीस आली की सोसायटीत सगळ्यांचं एकमत होतं, की चूक बिल्डरची आहे.

2010 साली मुंबईत हिवतापाचे 70 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. शहरभर बांधकामं चालू होती. लिफ्टचे खड्डे, तळघरं, स्लॅबवर पाणी मुरवण्यासाठी बांधलेली आळी, सगळीकडे पाणी उघडं. डॉकच्या वेळी होतं तेच, शंभर वर्षांनी. त्यानंतर पालिकेनं बांधकामांवर आणि टाक्यांवर पाळत वाढवली आणि रुग्ण पुढच्या काही वर्षांत खूप कमी झाले. तेवढ्यात दुसरा डास पुढे आला होता, डेंग्यू पसरवणारा एडिस. त्याला टाकीही लागत नाही. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, नारळाची करवंटी, टायर, मनी प्लँटची बाटली, शोभेच्या बांबूचा ग्लास, एवढं त्याला पुरतं. तो अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या काठाशी भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. पण पिंप नुसतं रिकामं करून पुन्हा भरलं तर अंडी जिथल्या तिथे राहतात. आतली भिंत घासावी लागते. आणि आठवडाच का? अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून.

इथे धुराच्या गाडीबद्दल बोलायला हवं. संध्याकाळी ती गल्लीतून पांढरे लोट सोडत गेली की लोकांना वाटतं, पालिका काम करते. तो धूर फक्त त्या क्षणी बाहेर उडणाऱ्या डासांना लागतो. घरात कपाटामागे बसलेला डास वाचतो, टाकीतल्या अळीला पत्ताही लागत नाही, आणि दोन दिवसांत नवी पिढी हजर. साथ भडकलेली असताना धुराला जागा आहे. एरवी ती दिसणारी कामगिरी आहे, एवढंच. झाकण दिसत नाही, त्याचं उद्‌घाटन होत नाही, त्यावर फोटो लागत नाही. पण दोष केवळ लोकांच्या हलगर्जीपणाला देऊन सुटका नाही. ज्या वस्तीत नळाला पहाटे चारला तासभर पाणी येतं, तिथे बाईनं निळी पिंपं भरून ठेवू नयेत तर काय करावं? पाणी साठवायला भाग पाडायचं आणि साठवल्याबद्दल दंड लावायचा, हा उलटा न्याय आहे. पुरेसं, नियमित पाणी हीदेखील डासनियंत्रणाचीच योजना आहे. तिला कुणी त्या नावानं ओळखत नाही.

अचलपूरच्या त्या डासाचा प्रवास अजून संपलेला नाही. 2012 साली तो आफ्रिकेच्या टोकाला जिबुतीत सापडला. त्या देशानं हिवताप जवळजवळ संपवत आणला होता, 2012 मध्ये 27 रुग्ण होते. 2020 मध्ये ते 73 हजारांवर गेले. मग हा डास पुढच्या देशांत दिसला: इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना. आफ्रिकेतला हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा होता, तिथली शहरं तुलनेनं सुरक्षित होती. हा डास शहरातल्या पिंपात आणि टाकीत वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये त्याच्याविरुद्ध वेगळी मोहीम उघडली. तिथले आरोग्य कर्मचारी आता लोकांना जे सांगत आहेत, ते बेंटलीनं 1911 साली फोर्टातल्या शेठांना सांगितलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी नगरसेवकाकडे धुराची गाडी मागण्याआधी सोसायटीच्या बैठकीत तीन गोष्टी मागा: आटे शाबूत असलेलं झाकण, वायरच्या भोकाला सील आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी. तिन्हींचा खर्च एका जेवणावळीपेक्षा कमी येतो. आणि वॉर्ड ऑफिसात गेलात तर पाण्याची वेळ वाढवून मागा.